पद्मावतीकाकींनी पुजलेलं लायसन

गोव्यातल्या कारापूरच्या पद्मावतीकाकींच्या हातून दसऱ्याला कुठली वस्तू सुटेल तर शपथ! कोयता, विळी, कृष्णनाथकाकांची स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू. गेल्या दसऱ्याला तर लेक गौरवी अमेरिकेहून वैमानिक होऊन आलेली. तिचं लायसन पूजेविना कसं राहील? ते कार्डही पाटावर बसलं, वर झेंडू आणि आपट्याच्या पानांचा ढीग.

दुसऱ्या दिवशी काकींनी सगळं निर्माल्य परातीत भरलं आणि वाळवंटी नदीत सोडलं. निर्माल्य काय कोणी चाळून बघतं?

"आये, माझा लायसन खय?" संध्याकाळी गौरवीने विचारलं, आणि काकींच्या पायांखालची जमीन सरकली. मूळ कार्ड दाखवल्याशिवाय इथलं लायसन मिळणार नव्हतं, आणि ते नसलं तर मोपा विमानतळावरून उडायची नोकरी हातची जाणार होती. काका कमरेभर पाण्यात उतरले. हाती लागली ती सगळ्या वाड्याची फुलं.

गौरवीने अमेरिकेच्या विमान खात्याकडे नव्या कार्डासाठी अर्ज केला. "मेळतला गे, रडू नको," ती समजूत घाली. काकींना कुठलं पटायला! पोस्टमन धाकू फाटकाशी दिसला की त्या हातातलं काम टाकून धावत. तो बिचारा त्या गल्लीत यायलाच घाबरू लागला. शेवटी एकदाचा तो लांबूनच पाकीट हलवत आला. काकींनी त्याच्या हातावर मूठभर गोड खाजं ठेवलं, पण पाकिटाला बोट लावलं नाही.

पुढे इथलं लायसन झालं, नोकरीही मिळाली. यंदाच्या दसऱ्याला पाटावर कोयता होता, विळी होती. कार्ड नव्हतं.

"माझा लायसन खय बसतला?" गौरवीने विचारलं.

"नको गे बाय. माझो हात वायट," काकी पुटपुटल्या. वर्षभर ते मनात सलत होतं.

गौरवीने पट्टीला अडकवलेलं अमेरिकेचं कार्ड सरळ आईच्या गळ्यात घातलं. "बाबा, आता कर पूजा!"

काकांनी कार्डाला कुंकू लावलं, मग बायकोच्या कपाळाला, आणि एक झेंडू तिच्या केसांत खोचला. काकी लाजून चूर.

"पण बाबा, फाल्यां निर्माल्याबरोबर हिका नदीत सोडू नको हां!"

सगळं घर हसलं. काकीही हसल्या, डोळे पुसत पुसत, आणि दिवसभर ते कार्ड गळ्यात घालूनच त्यांनी वाड्यात सोनं वाटलं.