इरावतीबाईंची चक्कर

विजयमाला मिसाळ आमच्या वॉटर पार्कात आली ती कँटीनमध्ये भांडी घासायला. मांजरसुंब्याच्या पुढं हायवेला लागूनच आमचा पार्क. मी तिथं साऊंड सांभाळतो. तिची तेव्हा पस्तिशी उलटलेली आणि चौदा हंगाम ऊस तोडून झालेले. एकदा भांडी घासता घासता ती टीव्हीतल्या एका बाईच्या आवाजात बोलली, आणि कँटीनमधली माणसं भजी हातात धरून तिच्याकडं बघत राहिली. मॅनेजर माणिकराव तिथंच चहा पीत होते. पुढच्या रविवारी ती स्टेजवर उभी होती.

रविवारी चार वाजता आमच्याकडं फॅमिली शो असतो. पाण्यातून निघालेली लेकरं टॉवेल गुंडाळून सिमेंटच्या पायऱ्यांवर बसतात. आधी जादूगार, मग विजयमाला. त्या आठवड्यात ज्या नटनटीचं काही गाजलं असेल, कुणाचं लग्न, कुणाचं भांडण, त्याची ती नक्कल करायची. केजहून माणसं जीप करून तिच्यासाठी यायला लागली.

मालिकेत खाष्ट सासूचं काम करणाऱ्या इरावती सरंजामे हे तिचं हुकमी सोंग. एकदा इरावतीबाई साडीच्या दुकानाची फीत कापताना चक्कर येऊन पडल्या. तो व्हिडिओ सगळीकडं फिरला. लोक म्हणाले, नवी मालिका येतेय, तिची जाहिरात असणार.

विजयमालानं ते लगेच उचललं. फीत कापायची, डोळे फिरवायचे, धाडकन पडायचं. मग एक डोळा उघडून विचारायचं, "कॅमेरा चालू हाय ना? का परत पडू?" तालमीत मी पोट धरून हसलो. माझ्याकडं दोन बटणं. ती पडली की 'धप्प' असा आवाज आणि डोळा उघडला की रेकॉर्ड केलेलं हसू. लोक आपणहून हसतातच, पण त्यानं जोर चढतो.

रविवारी ती पडली. मी धप्प वाजवलं. पुढची लेकरं खिदळली. तिनं डोळा उघडला, "कॅमेरा चालू हाय ना?" म्हणाली आणि मी सवयीनं दुसरं बटण दाबलं.

हसू आलं ते नुसतं स्पीकरमधून.

पायऱ्यांवरची मोठी माणसं मोबाईलमध्ये मान घालून बसली होती. एक जण शेजाऱ्याला स्क्रीन दाखवत होता. तिसऱ्या पायरीवरची एक म्हातारी तोंडाला पदर लावून उभी राहिली. आणि माझ्या मशीनमधली शंभर माणसं खो खो हसतच होती. ती बंद करायला मला किती वेळ लागला, आजही सांगता येत नाही. बोट बटणावर होतं, पण हलत नव्हतं.

विजयमालाला वाटलं, लोकांना ऐकू गेलं नसेल. पडल्या पडल्याच ती पुन्हा म्हणाली, "का परत पडू?"

"अगं ऊठ बाई," म्हातारी ओरडली. "गेली ती! आताच आलंय मोबाईलवर."

"कोण गेली?"

"तीच. जिची तू थट्टा करायलीस."

विजयमाला उठून बसली. सोंगाचा केसांचा टोप कानावर सरकलेला, कपाळावर इरावतीबाईंसारखं रुपयाएवढं कुंकू. "न्हाई बा," ती माइकमध्येच म्हणाली. "ती नाटक करत होती. सगळे म्हणायले की."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी फोन उघडला होता, बातमी खरी होती. इरावतीबाईंच्या डोक्यात गाठ होती, वर्षभर उपचार चालू होते. कामं जातील म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मी नुसती मान हलवली.

"गाणं लाव, भागवत! गाणं लाव!" पडद्यामागून माणिकराव ओरडत होते. मी लावलं नाही.

तिनं टोप काढून मांडीवर ठेवला. "मला ठाऊक न्हवतं," ती लोकांना म्हणाली. मी आणि त्या म्हातारीनं धरून तिला आत नेलं.

आत पाणी पिऊन ती म्हणाली, "भागवतभाऊ, मी एकदा उसाच्या फडात पडलते. लई ताप व्हता. मुकादम म्हणला, नाटकं करायली, उठवा तिला. आजबी त्याचं तोंड बघत न्हाई मी. अन् मग मी कावून असं केलं?"

मी तिच्या हातातला पेला घेऊन परत भरून आणला.

कुणीतरी तो प्रकार मोबाईलवर घेतला होता. दोन दिवसांत तो मुंबईपर्यंत गेला. विजयमालाला शिव्या पडल्याच, पण त्याहून जास्त पडल्या पायऱ्यांवरच्या लोकांना. बाई मेली आणि हे हसतात, असं जो तो लिहीत होता. जी माणसं सुन्न बसली होती, ती जगापुढं निर्दय ठरली. मी व्हिडिओ करून सांगितलं, हसणारी माणसं नव्हती, माझं मशीन होतं. तो फारसा कुणी बघितला नाही. माणिकराव मात्र, पार्कातलं हसू मशीनचं असतं हे मी फोडलं म्हणून, माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत.

पुढच्या शनिवारी त्यांनी विजयमालाला बोलावलं. "त्याच सोंगाच्या साडीत श्रद्धांजली ठेव. गर्दी लई होईल."

"साहेब, मेल्यावर तरी त्या बाईला सोडा," ती म्हणाली आणि कँटीनमध्ये जाऊन भांड्यांना बसली.

दोन महिने तिनं स्टेजकडं बघितलं नाही. मग एक दिवस एसटीतून येताना बीडच्या एका कंडक्टरला तिनं सरळ विचारलं, "भाऊ, तुमची नक्कल केली तर चालंल का?" तो म्हणाला, "माझी? माझ्यात काय हाय?"

रविवारी तो बायको-लेकरांसह आला. पायऱ्यांवर जेमतेम वीस-बावीस माणसं होती. विजयमालानं त्याचा घंटी मारायचा हात, सुट्ट्यांवरून चिडणं, म्हाताऱ्यांना चढताना दंड धरणं, सगळं केलं. शो संपल्यावर स्टेजवरून खाली येऊन तिनं आधी त्यालाच गाठलं.

"दुखलं का कुठं?"

"न्हाई," तो म्हणाला. "पण मी इतकं खेकसतो व्हय?"

"घरी याच्याहून जास्त," त्याची बायको म्हणाली.