किल्ली न लागणारं दार

एखाद्या इमारतीची खडान्खडा माहिती असूनही तिच्यात स्वतःचं घर न सापडणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर आमच्या साडूंखेरीज दुसरा नसावा. पुण्यात आयुष्यभर आर्किटेक्ट म्हणून काम केल्यावर ते मेव्हणीच्या नोकरीपायी नेदरलँड्समध्ये, आम्ही राहतो त्या युट्रेख्टला आले आणि कालव्याकाठी एका जुन्या, इंग्रजी धाटणीच्या घरांच्या रांगेत राहू लागले. विलायतेचं वेड असलेल्या कुणा व्यापाऱ्याने ती बांधलेली. घरं चिंचोळी, पण दर्शनी भिंत सलग, लांबून एकच राजवाडा वाटावा अशी. दारं सारखी, दारांवरच्या अर्धगोल काचा सारख्या, तळघरापुढचे लोखंडी कठडेही सारखेच. “कुणाचं घर कुठे संपतं ते कळता कामा नये. खरं सौंदर्य तेच,” असं साडू मला सांगत आणि मी समजल्यासारखी मान हलवत असे.

हे तत्त्व त्यांनी स्वतःला फारच मनापासून लावून घेतलं होतं. भाजी घेऊन परतताना त्यांची नजर वर, काचांकडे. घराचा नंबर बघायला आर्किटेक्ट कशाला, पोस्टमन पुरे, असं त्यांचं मत. मग हमखास शेजारच्या दाराशी थांबायचे आणि किल्ली लागेना की इथल्या दमट हवेला दोष द्यायचे. शेवटी शेजारच्या डच आजी आतून दार उघडत. त्या एकट्याच राहायच्या. साडूंना डच येत नसे, आजींचं इंग्रजी जेमतेम. तरी त्या त्यांना बसवून कॉफी देत, डब्यातलं एक बिस्किट देत आणि लगेच झाकण लावत. पहिल्या खेपेला साडू दुसऱ्या बिस्किटाची वाट बघत बसले आणि आजी ते उठण्याची.

इकडे मेव्हणीचा मला फोन येई, “भावजी, हे तुमच्याकडे आलेत का?” मी सायकल काढून रांगेपुढे जाई आणि कुठल्या खिडकीत डोकावायचं या विचाराने गोंधळून जाई. इथे पडदे कुणी ओढत नाही म्हणून बरं. एका खिडकीत साडू हातवारे करत छताची नक्षी समजावताना दिसत आणि आजी आपल्याच छताकडे नवलाने बघत असत. वैतागून मेव्हणीने दाराला तोरण बांधायचं ठरवलं, तर साडू जेवायला बसेनात. एका तोरणाने सगळी रांग नासेल म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात आजी पडल्या आणि त्यांची मुलगी त्यांना कायमची दूर दक्षिणेला, मास्ट्रिख्टला घेऊन गेली. त्यानंतर मी गेलो तेव्हा सवयीने गोंधळायच्या तयारीत होतो, पण एका दारावर लोकरीचं तोरण झुलत होतं. मेव्हणीचं अभिनंदन केलं, तर ती हळूच म्हणाली, “मी नाही, ह्यांनीच बांधलं.”

साडूंना मी सौंदर्याचं काय झालं ते विचारलं. ते खिडकीशी उभे होते. तिथूनच म्हणाले, “आता चुकलो तर दार उघडायला कोणी नाही रे.”

इतकी वर्षं ते खरंच चुकत होते का, हे मला अजून कळलेलं नाही. मेव्हणीने कॉफी आणली, पुढ्यात बिस्किटांचा डबा ठेवला. साडूंनी त्यातलं एक घेतलं आणि झाकण लावून टाकलं.