चाचांचा अंगठा आणि चिप

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी पॅटर्न स्टोअर सांभाळतो. पॅटर्न म्हणजे ओतकामाचा लाकडी नमुना. तो वाळूत दाबायचा आणि जो खळगा पडेल त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. असे शेकड्यानं पॅटर्न आमच्या मांडणीवर, आणि दिसायला सगळे सख्खे भाऊ. ते बिनचूक ओळखणारे एकटे चाचा, आमच्या स्टोअरचे जुने कामगार. डोळे अधू झालेले, पण कडेवरून अंगठा फिरवला की नंबर सांगायचे. निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी कंपनी त्यांना दरवर्षी कंत्राटावर ठेवायची ती एवढ्यासाठीच. त्यांच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

मग चिप विकणारा आला. "गोदामात हेच, टोलनाक्यावर हेच, उद्या म्हशीच्या कानातही हेच. तुम्हीच मागं राहणार का?" आमचे मॅनेजर विरघळले. प्रत्येक पॅटर्नला नखाएवढी चिप दोन स्क्रूनं बसली. चिप वाचायची बंदूक रोखली की पडद्यावर नाव! नाद खुळा म्हणत मी महिनाभर टिमकी वाजवत फिरलो. चाचा एवढंच म्हणाले, "मग आता माझं काय काम ऱ्हायलं, साहेब?" मी ते हसण्यावारी नेलं.

खंडेनवमीला आमच्याकडं पॅटर्न पुसून, व्हार्निश मारून पूजेला मांडतात. मीच चाचांना म्हणालो, "ते प्लास्टिक काढा हो, देवापुढं बरं दिसत न्हाय." त्यांनी स्क्रू सोडवून प्रत्येक चिप आपापल्या पॅटर्नपुढं ठेवली. मग नारळ फुटले, पाणी सांडलं, आणि फरशी पुसायला कुणीतरी सगळ्या चिपा एका ताटात गोळा केल्या. चाचा म्हणाले, "एकेक बंदुकीनं बघून लावूया." पण मला घरी जायची घाई. "लावा हो अंदाजानं," म्हणालो, आणि निम्म्या तर मीच हाताला येतील तशा लावून टाकल्या.

दसऱ्यानंतर पंपाच्या कवचाची ऑर्डर आली. त्याचे पॅटर्न दोन, जुना आणि सुधारलेला. फरक फक्त भिंतीच्या जाडीत. बंदूक वाजली, पडद्यावर सुधारलेल्याचं नाव आलं, गिऱ्हाईकाला हवा होता तोच. चाचांनी अंगठा फिरवला. "साहेब, ह्यो न्हवं. ह्यो जुना हाय."

"मशीन व्हय म्हणतंय की!"

"मशीनला डोंबल कळतंय!"

चारचौघांत बोलले म्हणून माझं डोकं फिरलं. "तुमचा अंगठा घेऊन घरी बसा," असं म्हणालो मी. बापाच्या वयाच्या माणसाला. पॅटर्न खाली ओतकामाला पाठवला आणि सगळा लॉट जुन्या जाडीचा निघून वाया गेला. गिऱ्हाईकानं ऑर्डर काढून घेतली.

मॅनेजरनी दोघांना केबिनमध्ये उभं केलं. "चिपा कुणी काढल्या?"

"मी काढल्या," चाचा म्हणाले. खरंच होतं ते. मग ते माझ्याकडं बघत राहिले, पुढचं मी बोलावं म्हणून. बोललो असतो तर काय गेलं असतं माझं? फार तर मेमो मिळाला असता. मॅनेजर चाचांना म्हणाले, उद्यापासून येऊ नका. तरी मी गप्प. अजून लाज वाटते, आणि त्या लाजेचा कुणाला काडीचा उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमननं मला फाटकावर बोलावलं. चाचा डबा घेऊन उभे होते आणि हजेरीच्या यंत्रावर कार्ड पुन्हा पुन्हा टेकवत होते. त्या कार्डातही तसलीच चिप.

"चाचा, तुम्हाला काल सांगितलं होतं की."

"व्हय," ते म्हणाले. "पर मला वाटलं, मागनं तुमी मोठ्या साहेबांस्नी खरं काय ते सांगिटलं आसंल."

त्यांचं कार्ड मी आदल्या संध्याकाळीच बंद केलं होतं.