समीक्षाचा न गळणारा सर्व्हर

समीक्षा माझ्या वर्गात होती तेव्हा उत्तर बरोबर आलं तरी पुन्हा पडताळून पाहायची. आता ती पावर हाउस भागातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचा डेटाबेस सर्व्हर सांभाळते. रात्रपाळीला तिथं कमलेश असतो. तोही माझाच विद्यार्थी, कॅम्प-1 वस्तीत तिच्या शेजारी वाढलेला. ती त्याला दादा म्हणते. ही नोकरीही त्यानंच सुचवली होती.

या उन्हाळ्यात सर्व्हरची मेमरी दिवसभर वाढत जाऊ लागली. नवा डेटाबेस समीक्षानं निवडलेला, त्यातूनच मेमरी गळते, म्हणजे घेतलेली मेमरी तो परत सोडत नाही, असा सगळ्यांचा संशय. मॅनेजर तिला म्हणाले, तसं निघालं तर जुना परत आणू आणि तुमचं कंत्राट संपवू.

"वाचलेली माहिती तो जवळ ठेवते, म्हणून मेमरी भरते," तिनं कमलेशला समजावलं. "मी मर्यादा घालून दिली आहे. तिथं थांबला तर गळती नाही, पुढे गेला तर आहे. फक्त चालू राहू दे, दादा."

"मी कावून हात लावू? मले काय तुयी नोकरी खायची आहे?"

पण रोज सकाळी पाहावं तर सर्व्हर नव्यानं सुरू झालेला आणि मेमरी तळाशी; मर्यादेपर्यंत ती पोचेचना. कमलेशनं मॅनेजरला सांगितलं, आपोआप बंद पडतो.

तिला ते पटेना. अचानक पडलेला डेटाबेस उठताना अर्धवट राहिलेली कामं आधी निस्तरतो. नोंदींनुसार हा निवांत उठला होता, म्हणजे कुणीतरी रीतसर बंद केला होता. रात्री तिथं एकच माणूस असे.

"दादा, तूच बंद करून राहिला?"

"माये बाबूजी स्टील प्लांटात होते. पुढच्या पाळीले बिघडलेली मशीन सोपवायची नाही, हेच शिकवलं त्यांनी. मेमरी भरलेली दिसली का माया हात थांबत नाही."

"मग आपोआप पडते म्हणून कावून सांगितलं?"

"मलेच पकडलं असतं ना."

"म्हणून मले पकडू दिलं."

त्यानंतर सर्व्हर कुणी थांबवला नाही. मेमरी मर्यादेपर्यंत चढली आणि तिथंच राहिली. समीक्षानं मॅनेजरना आलेख दाखवला, कमलेशही समोर होता. कंत्राट कायम राहील असं सांगून मॅनेजरनी विचारलं, "फिर बंद कैसे होता था?"

समीक्षा मुद्दाम थांबली. त्यानं आपणहून बोलावं एवढंच तिला हवं होतं.

"मुझे नहीं मालूम, सर," कमलेश म्हणाला.

मग तिलाच सांगावं लागलं. गळती नाही हे ती एका दमात बोलून गेली होती. दादाच बंद करत होता, हे वाक्य तिला दोनदा सुरू करावं लागलं.