भाकरीवरची शाल

मी सिद्धम्मा. चिमाक्का माझ्या शेजारची, मूळची वळसंगची. तिचं सांगायचं म्हणलं की माझं डोकं तापतंच, तवा ऐकायचं तर तसंच ऐका.

तिचा नवरा एड्सनं गेला आन् जाताना तो रोग हिच्या अंगात ठेवून गेला. ही रडत बसली न्हाय. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या सुरू केल्या आन् कडक भाकरी करून विकायला लागली. पातळ, कुरकुरीत, ज्वारीची. खानावळी, लग्नघरं, समदी हिच्याच दारात. रोगाचं गल्लीत एकट्या मला ठाऊक. "सिद्धम्मा, लोकांच्या तोंडात माझ्या हातचा घास जातो. कळलं तर चूल विझली की माझी," म्हणायची.

दवाखान्यात तिला एका संस्थेच्या ऋतुजा मॅडम भेटल्या. एड्सची भीती जावी, पेशंटांसाठी निधी जमावा म्हणून त्या दौड काढणार हुत्या. पळणाऱ्यांच्या नाश्त्याला भाकरी-चटणी चिमाक्कानं द्यायची, वर स्टेजवर सत्कार घ्यायचा.

"भाकरी देते. सत्कार नको. माझं नाव कुटं घेऊ नका," चिमाक्का म्हणली. मॅडमनी तिचा हात धरून शब्द दिला.

दौडीच्या सकाळी आमी दोघी भाकरीच्या चवडी लावून टेबलामागं उभ्या. पोरंपोरी पळून आली, छातीवर लाल फीत, टी-शर्टवर लिहिलेलं, 'सोबत जेवल्याने एड्स होत नाही'. भाकरीवर तुटून पडली. चिमाक्का लई खूश हुती.

मग सत्कार सुरू झाले. आमच्यात शाल-नारळाबिगर कार्यक्रम उठतच न्हाय. झेंडा दाखवणाऱ्याचा झाला, मांडववाल्याचा झाला आन् एक शाल उरली. मॅडमना कसला उमाळा आला कुणास ठाऊक, माईकवर म्हणल्या, "नाव सांगणार नाही, शब्द दिलाय. पण स्वतः एचआयव्हीशी झुंजत ज्या भगिनीनं आज आपल्याला भाकरी खाऊ घातली, ती स्टेजवर येत नसेल तर आपण तिच्याकडे जाऊ." आन् आल्या की शाल घेऊन आमच्या टेबलापाशी, मागं फोटोवाला, आन् टाकली ती चिमाक्काच्या खांद्यावर.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यासाठी हातातली भाकरी खाली ठेवली ती पुन्हा कुणी उचलली न्हाय. एका पोरीनं तोंडातला घास रुमालात काढला. शेजारच्या टेबलावरची केळी मात्र बघता बघता संपली.

मला राहवलं न्हाय. भाकरी मोडून मॅडमच्या पुढं धरली. "खावा की, समद्यांसमोर."

"आज उपवास आहे हो माझा," मॅडम म्हणल्या. मगाशी हीच बाई स्टेजमागं उभ्यानं इडली खात हुती.

चिमाक्कानं खांद्यावरची शाल काढून भाकरीवर झाकली, माश्या बसू नयेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी खानावळवाला युवराज आला, पण उंबऱ्याच्या आत न्हाय आला. "मावशी, सध्या राहू द्या," म्हणला. मग लग्नघरंबी बंद झाली. मी मॅडमना फोन लावला. "आम्ही नाव कुठं घेतलं?" हे उत्तर. दौडीच्या निधीतनं त्यांनी शिलाई मशीन धाडलं, वर 'भेदभाव टाळा' असं चिकटवलेलं. चिमाक्काला सुईत दोरा ओवाया दिसत न्हाय.

कडक भाकरी लई दिवस टिकती. त्या दिवशी उरलेल्या चवडी अजून तिच्या घरात हायेत. मी रोज जाते, आमी दोघी आमटीत चुरून खातो. तिसरं कुणी येत न्हाय.