पट्टा निघाला, भ्या न्हाई

कामशेतच्या दवाखान्यात त्या मावशी मला एकदाच भेटल्या. माझा खांदा पायरीवरून पडून निखळला होता, त्यांचा म्हशीनं दावं ओढल्यामुळं. दोघींच्याही हाताला सारखाच निळा पट्टा, छातीशी घट्ट बांधलेला. त्या दिवशी तो निघणार होता, म्हणून दोघीही घाबरलो होतो.

साठीच्या असाव्यात. बाकड्याजवळून कुणी गेलं, की अंग चोरून भिंतीकडे सरकायच्या आणि पट्टा चाचपायच्या.

"म्हस नुसती हंबरली, तरी खांदा निसटतोय असं वाटतं बघा," त्या मला म्हणाल्या.

आधी त्यांना आत बोलावलं. पडद्याआडून पट्टा सुटल्याचा चर्रकन आवाज आला. माझ्याच खांद्यात कळ गेल्यासारखं झालं.

बाहेर आल्या तेव्हा पट्टा नव्हता. पण डाव्या हातानं त्यांनी उजवं कोपर तसंच छातीशी धरून ठेवलं होतं.

"दुखलं का हो, मावशी?"

"दुखलं न्हाई लय. पर भ्या काय पट्ट्यासंगं निघालं न्हाई."

मग मला हाक आली. मोकळ्या हातानं पिशवी घट्ट धरून मी बसूनच राहिले. मावशी शेजारी टेकल्या, कोपर सोडलं आणि डावा हात पुढं करून माझी पिशवी घेतली. उजवा हात मोकळा लोंबत होता.

"जावा तुमी. मी हितंच बसते."

माझी भीती तसूभरही कमी झाली नाही. पण तीच भीती अंगावर घेऊन बाहेर कुणीतरी माझ्यासाठी थांबलं होतं. मी पडदा सारला.