दप्तराला पुसलेला पंजा

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. जुन्नरजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत मी शिक्षक होतो. बिबटे उसात राहायला आले होते आणि मुलांना सावध करायला मी गमतीच्या, भयंकर कविता रचायचो. चौथीतली एक मुलगी रोज उशिरा यायची. तिच्यावर मी फळ्यावर लिहिलं:

उशिरा निघाली पोरगी, बिबट्या उसात बसला,
रिबिनी थुंकून दप्तराला पंजा त्यानं पुसला.

वर्ग खदखदून हसला. मग ती दिसली की पोरं हेच म्हणायची. आठवड्याभरात तिनं शाळा सोडली. मी घरी गेलो, तेव्हा तिची आई म्हणाली, "गुरुजी, उसाच्या भ्यानं ती सडकेनं लांबून यायची, म्हून उशीर व्हायचा. आता म्हणती, शाळाच नको."

ती परत आली नाही.

बारा-तेरा वर्षांनी आळेफाट्याच्या स्टँडवर तिनंच मला ओळखलं. सोबत तिची लहान मुलगी होती. "गुरुजी, तुमची कविता हिला शिकवलीय. लई हसती."

मुलीनं ती घडाघडा म्हणून दाखवली.

"माझं चुकलं," एवढंच मला म्हणायचं होतं. मी म्हणालो, "पाठांतर चांगलं आहे."